घेवड्यांची संध्याकाळ

४ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं, वाचून झालं, रागही येऊन गेला, तेव्हा आता उत्तर लिहायला हरकत नाही. मी ठणठणीत आहे. गुडघा सोडला तर तक्रार नाही, आणि गुडघाही आता घरचाच झाला आहे. जावईबापूंचं ऑफिस बदलल्याचं कळलं. पगार वाढला की नुसतं जाणं-येणं वाढलं, ते कळव. पत्रच लिही, फोन नको. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

आता मुद्द्यावर येतो. घरात कॅमेरा लावायचा म्हणतेस. एक बाहेरच्या खोलीत, एक स्वयंपाकघराच्या दारावर. म्हणजे मी कधी उठलो, चहा कधी घेतला, पडलो की मुद्दाम आडवा झालो, हे सगळं तुला तिकडे बसल्या जागी दिसणार. अगं, तुझा बाप सगळा जन्म कॅमेऱ्याच्या मागे उभा राहिला. अख्ख्या शहराला 'हलू नका' म्हणून दम देत आला. त्याला म्हातारपणी पुढे उभा करतेस? आणि जावईबापूंनी निवडलेल्या कॅमेऱ्याचा फोटो पाहिला. तसले कॅमेरे अंधारात धुरकट दाखवतात. घ्यायचाच होता तर निदान मला विचारायचं.

माझ्यावर लक्ष ठेवण्यासारखं काही घडतच नाही. सकाळी उठतो, डबा करतो, कामावर जातो, संध्याकाळी वेळेवर घरी येतो, बातम्या लावून जेवतो आणि झोपतो. संध्याकाळी फोन का उचलत नाही म्हणून विचारलंस. बातम्यांच्या आवाजात ऐकू येत नाही, एवढंच.

'बाबा, तुम्ही तिथे नक्की करता तरी काय?' हे मात्र तू पहिल्यांदाच विचारलंस. स्टुडिओ बंद केल्यावर मी त्या संशोधन संस्थेत कॅमेरे सांभाळायच्या नोकरीला लागलो, इतकंच तुला ठाऊक. तर ऐक. मी घेवड्यांचे फोटो काढतो.

हसू नकोस. तळघरात एक खोली आहे, बिनखिडकीची. तिथे फळ्यांवर घेवड्याची रोपं रांगेने ठेवलेली आहेत आणि प्रत्येक रांगेसमोर एक कॅमेरा. थोड्या थोड्या वेळाने तो आपला आपण फोटो घेतो. ते फोटो जोडून भराभर पळवले की दिसतं, की झाड हलतं. दिवसा पानं उचलून आडवी पसरतात, रात्री माना टाकतात. नुसत्या डोळ्यांना हे कधी दिसायचं नाही. तासभर टक लावून बसलीस तरी पान जागचं हललेलं वाटणार नाही.

आता गंमत अशी, की या खोलीत दिवसही नाही आणि रात्रही नाही. सदा सर्वकाळ एकच मंद उजेड आणि एकच गारवा. तरी पानं उठतात, झोपतात. म्हणजे घड्याळ आतच आहे. पण बाहेरून कोणी ते जुळवून देत नसलं, की प्रत्येकाचं थोडं थोडं चुकत जातं. एक रोप जरा घाईचं, दुसरं जरा आळशी. काही दिवसांनी एकाची सकाळ असते तेव्हा दुसऱ्याची मध्यरात्र. कोणत्या जातीचं घड्याळ किती चुकतं, ते आमच्या बाईंना हवं आहे. बाई म्हणजे आमच्या साहेब, तुझ्याच वयाच्या. मला 'काका' म्हणतात आणि माझ्यावर तुझ्याइतक्याच ओरडतात.

रोपांना बाहेरची वेळ कळू नये म्हणून आम्ही फार जपतो. पाणी घालायची वेळसुद्धा दर खेपेला चिठ्ठी काढून ठरवतो, कारण रोज एकाच वेळी पाणी मिळालं तर तेवढ्यावरून ती दिवस मोजतील. दाराच्या आत काळा पडदा आहे. आधी दार लावायचं, मगच पडदा सारायचा. ही शिस्त बाईंनी घातली आणि मी ती डोळ्यांत तेल घालून पाळतो.

एवढं करूनही या खेपेला काहीतरी बिघडलं आहे. रोपं पांगत नाहीत. शाळेच्या कवायतीसारखी सगळी एकदम पानं उचलतात, एकदम टाकतात. बाई हैराण आहेत. आमचं असं चाललं आहे.

कॅमेऱ्याचं डोक्यातून काढून टाक. मला काही झालेलं नाही.

तुझा,
बाबा


२१ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

आशीर्वाद. 'नको' या शब्दाचा तुझ्याकडे काय अर्थ होतो, ते एकदा कळव. कॅमेऱ्याचं पार्सल आलं. मी सही करून घेतलं, कारण आणणाऱ्याचा त्यात काय दोष. खोका कपाटावर ठेवला आहे. तो तिथेच राहील.

दुसरं. शेजारच्या मावशींना फोन करून माझी चौकशी करायचं कारण नव्हतं. त्या बिचाऱ्या माझ्याकडे अपराध्यासारखं बघायला लागल्या तेव्हाच मी ओळखलं. 'तुमच्याकडे रात्री उशिरापर्यंत दिवा दिसत नाही, असं बोलता बोलता सांगून गेले हो मी,' म्हणाल्या. मी म्हटलं, 'वीज वाचवतो.' त्यांनी मान हलवली, पण पटलं काही नाही. ठमे, मी तुझा बाप आहे. तू उशिरा आलीस म्हणून मी कधी तुझ्या मैत्रिणींच्या घरी फोन लावले नव्हते. लावले होते ते तुझ्या आईने.

तुला घेवड्यांची चौकशी करावीशी वाटली हे मात्र मला आवडलं. तुझा अंदाज एसीवर होता. बाईंनाही तोच संशय होता, म्हणून एसीवाला बोलावला. त्याने शिडी लावली, वर डोकं घातलं, खाली येऊन कानांवर हात ठेवले. मशीन ठीक चालतं आहे. मग जिन्यातले दिवे तपासले, वरच्या मजल्यावरचा पंप तपासला, झाडूपोछा कधी होतो ते विचारलं. काही हाती लागेना.

यात एक रविवारचं कोडं आहे. पानं उचलतात ती संध्याकाळी. बाहेर अंधार पडायला लागला, की यांचा दिवस उजाडतो. मग संध्याकाळी इमारतीत काहीतरी होत असणार, असं सगळ्यांनी धरलं. पण रविवारी सगळी इमारत बंद असते. आत कोणी येत नाही, पंप नाही, झाडू नाही. तरी रविवारी संध्याकाळीही पानं उचललेली असतात. बाईंनी तर हातच टेकले. 'काका, कॅमेरे तुमचे, खोली तुमच्या पायाखालची. आता तुम्हीच शोधा,' म्हणाल्या. मी बरं म्हटलं.

खोलीतला तापमापक छताजवळ आहे, एसीच्या तोंडाशी. तो बापडा सदा एकच आकडा दाखवतो. म्हणून बाईंनी आता छोटे छोटे तापमापक आणून थेट रोपांमध्ये टांगले आहेत. ते आपोआप नोंद करतात. शनिवारी बघायच्या नोंदी.

ते टांगले तेव्हापासून माझं जेवणावर मन नाही. हवा बदलली असेल. आज इतकंच लिहितो.

बाबा


२ मार्च

ठमे,

काल फोनवर तुला नको ते बोललो. 'तुझ्या आईने कधी माझ्यावर पाळत ठेवली नाही' हे तर अगदीच नको होतं. तेवढं बोलून मी फोन ठेवला. परत लावायला दोनदा उचलला, पण लावला नाही.

तापमापकांच्या नोंदी आल्या. कारण सापडलं आहे. बाईंना अजून सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं, आकडे पडताळायला मला वेळ हवा आहे.

तुझ्यावर रागावलो नव्हतो. एवढंच सांगायला हे लिहिलं.

बाबा


१६ मार्च

प्रिय ठमे,

आशीर्वाद. तुझं एका ओळीचं उत्तर मिळालं. 'बाबा, कारण काय सापडलं?' तू आईवर गेली आहेस. तीसुद्धा रुसून बसली तरी प्रश्न नेमका विचारायची.

कारण मी आहे.

रोज संध्याकाळी, सगळे गेले की, मी त्या खोलीत जाऊन बसत होतो. मागच्या फळीच्या पलीकडे भिंतीशी एक स्टूल आहे. तिथे कॅमेऱ्यांची नजर पोचत नाही, हे मीच कॅमेरे लावल्यामुळे मला पक्कं माहीत. कशाला हात लावत नव्हतो. आधी दार, मग पडदा, सगळं शिस्तीने. घड्याळाचे काटे चमकतात म्हणून ते काढून बाहेर ठेवायचो. मोबाइलही बाहेर. तुझे संध्याकाळचे फोन त्या बाहेरच्या टेबलावर वाजत होते. मला वाटायचं, मी काहीच आत नेत नाही, तर रोपांना काय कळणार आहे.

पण माणूस गरम असतो गं. एवढ्याशा बंद खोलीत एक माणूस दोन-तीन तास बसला, की फळ्यांमधली हवा जराशी तापते. छताजवळच्या मापकाला ते कळत नाही, रोपांना कळतं. नोंदींच्या कागदावर रोज संध्याकाळी एक छोटा उंचवटा होता. मी बसल्यावर चढायचा, मी उठल्यावर उतरायचा. उजेडाचा कण आत जाऊ दिला नाही याचा मला केवढा अभिमान होता. स्वतःच्या अंगाची ऊब माझ्या डोक्यातही आली नाही. बाईंनी रोपांत तापमापक टांगले तेव्हा पहिल्यांदा शंका आली, तरी संध्याकाळी पाय तिकडेच वळत राहिले. तसंही गेलं वर्षभर माझ्या असण्या-नसण्याने कुठे काही बदलतं, असं मला वाटलं नव्हतं.

तुला गेलं पत्र टाकल्यावर दुसऱ्याच दिवशी बाईंना सांगितलं. कागद त्यांच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, 'बाई, ही ऊब माझी आहे.'

'तुमची म्हणजे?'

'मी संध्याकाळी तिथे बसतो.'

'कशाला?'

'घरी जायला उशीर व्हावा म्हणून.'

त्यांनी बोट ठेवत कागदावरचे उंचवटे मोजले. मग म्हणाल्या, 'रोज?'

'रविवार सोडून.'

'आणि पडदा, घड्याळ, मोबाइल?'

'सगळं बाहेर. शिस्तीत.'

'शाबास, काका. सगळं बाहेर ठेवलंत आणि स्वतः आत जाऊन बसलात.'

मग मात्र त्या खूप बोलल्या, आणि बरोबर बोलल्या. सगळा हंगाम पाण्यात गेला. रोपं टाकून नवी पेरायची, वर कळवायचं, उशीर का झाला ते सांगायचं. मी मान खाली घालून ऐकलं. खोलीची किल्ली त्यांनी मागून घेतली. यापुढे चिठ्ठीवर वेळ निघेल तेव्हाच आत, तेही कोणाला तरी बरोबर घेऊन. मला वाटलं होतं काढूनच टाकतील. तेवढं केलं नाही.

दुपारी त्यांनी मला परत बोलावलं. राग निवळला होता. संगणकावर जुने फोटो पळवून दाखवत होत्या. म्हणाल्या, 'हे बघा. तुमची बसायची वेळ इथे सुरू होते. आणि पानं उचलायला लागतात ती इथे, त्याच्या आधी. ऊब यायच्या आधीच त्यांची तयारी सुरू आहे. ठरल्या वेळी काही येत राहिलं, की झाड आधीपासून तयार राहतं.' मग रविवारचे फोटो लावले. मी घरी होतो. खोली गार होती. तरी संध्याकाळ व्हायला आली तशी एकेका रोपाने पानं उचलली, पसरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

बाईंना त्यात कोडं सुटल्याचा आनंद होता. म्हणाल्या, 'तुम्ही येणार म्हणून हे सगळे उठले आहेत, काका.' त्या सहज बोलून गेल्या. मला खुर्चीतून उठून बाहेर जावं लागलं. जिन्यात उभा राहून रडलो. तुझी आई गेली तेव्हा तुम्हा सगळ्यांसमोर नव्हतो रडलो, ते तिथे रडलो. वरून कोणीतरी येत होतं, म्हणून बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो.

आता तुला सांगतो. तुझी आई होती तेव्हा मी कधी घंटा वाजवली नाही. शेवटच्या चार पायऱ्या चढत असायचो तेवढ्यात दार आतून उघडायचं. तिला कसं कळायचं, मी कधी विचारलं नाही. ती काही दारात उभी राहून स्वागत वगैरे करायची नाही. दार उघडून पाठ फिरवायची आणि 'पाय धुवा' म्हणत आत जायची. आता जिना चढून वर यायचं, पिशवी खाली ठेवायची, किल्ली शोधायची, कुलूप काढायचं. मग आतला सकाळचाच काळोख. सकाळी जिथे ठेवला तिथेच कप. घर खायला उठतं असं लोक म्हणतात. आपलं घर काही करत नाही, नुसतं असतं. ते मला सहन होईना. म्हणून मी घेवड्यांत जाऊन बसत होतो. एक-दोनदा त्यांच्याशी बोललोही, आज काय झालं ते, तिला सांगायचो तसं.

तुला लिहीत राहिलो की वेळेवर घरी येतो, बातम्या लावून जेवतो. बातम्या मी वर्षभरात लावलेल्या नाहीत. कॅमेऱ्याला नको म्हणालो तेही स्वाभिमान म्हणून नव्हे. तो लावला असता तर संध्याकाळभर तुला रिकामी खोली दिसली असती, आणि मग तू विचारलं असतंस.

किल्ली गेल्यापासून मी संध्याकाळी घरीच असतो. म्हणजे आधी रस्त्याने फिरतो, बागेतलं बाक रिकामं असलं तर बसतो, दिवे लागले की येतो. कधी भूक संध्याकाळीच लागते, कधी लागतच नाही. खुर्चीत डोळा लागतो आणि भलत्याच वेळी जाग येते. उठून बघावं लागतं, की उजाडायचं आहे की मावळायचं. जुनी रोपं टाकायच्या आधी बाईंनी काही दिवस तशीच ठेवली, माझ्याशिवाय काय करतात ते बघायला. पांगली. जशी पांगायला हवी होती तशीच. बाई खूश झाल्या. मला खूश होता आलं नाही.

काल तुझा खोका उघडला. कॅमेरा चांगला आहे. मी नावं ठेवली होती, ती परत घेतो. जावईबापूंना तसं सांग. तू म्हणशील तिथे मी तो बसवीन. बसवायला मला कोणी शिकवायला नको. पण एक ऐक. त्या खोलीत कॅमेरे रात्रंदिवस बघत होते. एक फोटो चुकला नाही. आणि त्यांच्या बघण्याने एकाही रोपाने कधी पान उचललं नाही.

आई गेली तेव्हा तू महिनाभर राहायला निघाली होतीस. मीच तुला आठवड्यात परत पाठवलं. 'मी खंबीर आहे, तुझी रजा वाया घालवू नकोस,' म्हणालो. नंतरही दर वेळी तू येते म्हणालीस, की मी काहीतरी कारण काढलं. कधी पाहुणे, कधी रंगकाम. रंगकाम काही झालेलं नाही, भिंती तशाच आहेत.

ठमे, मला एकटं वाटतं. फार वाटतं. हे वाक्य लिहायला मला चार पत्रं लागली.

रजा मिळेल तेव्हा ये. चार दिवस मिळाले तर चार दिवस. जावईबापूंना सुट्टी असेल तर त्यांनाही आण, नसेल तर तू एकटी ये. माझ्यासाठी काही आणू नकोस, काही करूही नकोस. मी रोजच्यासारखा कामाला जाईन. संध्याकाळी मी जिना चढत असेन, तेव्हा तू घरात अस. मी घंटा वाजवली तरी चालेल. दार तेवढं आतून उघड.

शेवटी 'माझी काळजी करू नकोस' असं लिहायला हात गेला होता. ते लिहीत नाही. कर.

तुझा,
बाबा